न आवडलेल्या अभिजात पुस्तकाविषयी काय लिहावे?

पानखूण

गेली तीन वर्षे मी साधारण दर महिन्याला एक जुने, नावाजलेले पुस्तक वाचते आणि वाचून झाल्यावर त्यावर सात-आठशे शब्दांचे परीक्षण लिहिते. सुरुवातीला हा उद्योग केवळ स्वतःच्या आठवणीसाठी होता. पुढे काही स्नेही ते वाचू लागले आणि मी थोडे सावरून लिहू लागले. गेल्या आठवड्यात ही सगळी परीक्षणे एका बैठकीत वाचून काढली, तेव्हा जे लक्षात आले ते मनातून जात नाही. परीक्षणे एकूण चौतीस आहेत आणि चौतीसच्या चौतीस पुस्तके मला आवडलेली आहेत.

हे खरे नाही. त्यांतली निदान सात पुस्तके मी औषध घेतल्यासारखी संपवली होती. 'मोबी डिक'च्या परीक्षणात तर 'देवमाशांविषयीच्या माहितीपर प्रकरणांमुळे कादंबरीला सखोल वैचारिक अधिष्ठान लाभले आहे' असे एक भारदस्त वाक्य मी लिहून ठेवले आहे. ती प्रकरणे मी वाचलेली नव्हती. शिकारीची गोष्ट पुन्हा कुठे सुरू होते एवढेच पाहत मी पाने उलटली होती. ते वाक्य प्रस्तावनेतून आले होते. मी फक्त त्याचे कपडे बदलले होते.

कालपरवा निघालेली एखादी कादंबरी कंटाळवाणी वाटली, तर मी तसे बेधडक लिहिते. पण ज्या पुस्तकावर दीडशे वर्षे जाणत्या लोकांनी लिहिले ते मला कंटाळवाणे वाटले, तर उणीव पुस्तकात नसून माझ्यात आहे, असा निकाल मी लिहायला बसण्यापूर्वीच देऊन टाकते. कदाचित तो निकाल बरोबरही असेल. मग ज्याची थोरवी आधीच ठरून गेली आहे, त्या पुस्तकाविषयी माझ्यासारख्या सामान्य वाचकाने लिहावे तरी काय? स्तुती केली तर ती उसनी ठरते आणि नावे ठेवली तर तो आगाऊपणा ठरतो. तुमच्यापैकी कुणी अशी पुस्तके वाचून काही लिहीत असेल, तर हा पेच कसा सोडवता?

पुस्तकातला किडा

चौतीसपैकी चौतीस! एवढा निकाल तर आमच्या शाळेचाही कधी लागला नाही.

समासातली टीप

पानखूण, आपली कबुली वाचून मला माझ्याच जुन्या वह्या आठवल्या. मी अलीकडे एक पथ्य पाळतो. परीक्षणाच्या आरंभीच मी कोणती प्रत वाचली, ती मूळ होती की अनुवाद, संक्षिप्त होती की संपूर्ण, आणि मी ती अखेरपर्यंत वाचली की मधे सोडली, हे लिहून टाकतो. एवढे लिहिले की खोटे बोलण्याची सोय बरीचशी संपते, कारण 'मी तिसऱ्या भागाची पाने चाळली' असे एकदा लिहिल्यावर त्याच भागाच्या सखोलतेचे गोडवे गाता येत नाहीत.

आपण 'मोबी डिक'चेच उदाहरण दिलेत, म्हणून सांगतो. 1851 च्या ऑक्टोबरमध्ये ही कादंबरी प्रथम लंडनमध्ये 'द व्हेल' या नावाने तीन खंडांत निघाली आणि तिच्यात उपसंहारच छापला गेला नाही. जहाज बुडाल्यावर निवेदक शवपेटीच्या आधाराने तरंगत राहतो आणि दुसरे जहाज त्याला उचलून घेते, हे आपल्याला त्या उपसंहारातून कळते. तो नसल्यामुळे तिथल्या काही परीक्षणकर्त्यांनी रास्त शंका काढली, की सगळेच बुडाले असतील तर ही हकिगत सांगतो आहे कोण? नोव्हेंबरमध्ये निघालेल्या अमेरिकी आवृत्तीत उपसंहार होता. म्हणजे त्या परीक्षणकर्त्यांची चूक नव्हती; त्यांनी हातातल्या प्रतीचे परीक्षण केले आणि ते त्या प्रतीपुरते बिनचूक होते. आज त्यांना हसणारे लोक वेगळे पुस्तक वाचून हसत असतात. मला त्यांचा आदर वाटतो. त्यांना खटकले ते त्यांनी लिहिले. लेखकाचा काहीतरी गूढ हेतू असेल असे म्हणून विषय मिटवला नाही.

या कादंबरीचा लेखक मेलव्हिल 1891 मध्ये वारला तेव्हा तो जवळजवळ विस्मरणात गेलेला होता आणि त्याचा बोलबाला पुन्हा झाला तो 1920 च्या दशकात. तेव्हा 'थोरवी आधीच ठरून गेली आहे' हे आपले म्हणणे आजच्यापुरते खरे आहे. 1880 मध्ये आपण हीच कादंबरी वाचून कंटाळला असता, तर कुणालाही आगाऊपणा वाटला नसता.

वाचनाधीन

मी ही कादंबरी सध्या वाचत असून निम्म्यावर आलो आहे. जहाज बुडते आणि निवेदक वाचतो ही माहिती दिल्याबद्दल समासातली टीप यांचा मी अत्यंत ऋणी आहे.

समासातली टीप

क्षमा असावी. मात्र पहिल्या प्रकरणापासून जो माणूस गोष्ट सांगतो आहे तो जिवंत राहिला असावा, असा तर्क आपणही केला असेल, अशी आशा आहे.

अर्धविराम

मूळ प्रश्नाबाबत माझे मत थोडे कठोर आहे. 'मला आवडले' आणि 'मला आवडले नाही' ही दोन्ही वाक्ये वाचकाविषयी सांगतात, पुस्तकाविषयी काहीच सांगत नाहीत. पानखूण यांनी चौतीस वेळा 'आवडले' लिहिले याचे त्यांना वाईट वाटते आहे. त्यांनी त्यातल्या सात ठिकाणी 'आवडले नाही' असे लिहिले असते, तरी परीक्षण म्हणून त्याची किंमत तेवढीच राहिली असती. प्रामाणिकपणा हा गुण माणसाचा असतो आणि तो असला म्हणजे परीक्षण आपोआप चांगले होते, असे मला वाटत नाही.

नावडीला मोल येते ते तिच्यामागे कष्ट असले तर. टॉलस्टॉयला शेक्सपिअर आवडत नसे, हे आपण गंमत म्हणून सांगतो. पण त्याने ती नावड कशी मांडली ते पाहावे. तो रशियन, इंग्रजी आणि जर्मन अशा तीन भाषांतून शेक्सपिअर पुनःपुन्हा वाचत राहिला, आणि 1906 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रदीर्घ निबंधात 'किंग लिअर' हे नाटक प्रवेशामागून प्रवेश उलगडत त्याने आपल्याला नेमके कुठे आणि का पटत नाही ते दाखवले. मला त्याचे निष्कर्ष मान्य नाहीत, परंतु तो निबंध वाचल्यापासून 'लिअर' वाचताना प्रत्येक प्रवेशाला त्याची हरकत कानात वाजते आणि उत्तर शोधावे लागते. पाने उलटून कंटाळा नोंदवणाऱ्याला हा मान कसा मिळावा?

जुनी बांधणी

अर्धविराम यांचा मुद्दा वजनदार आहे. पण उदाहरण त्यांच्यावरच उलटते, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. टॉलस्टॉयच्या त्या निबंधाला इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलने 1947 मध्ये उत्तर दिले आणि त्यात असे दाखवले की, सर्वस्व सोडून देऊनही सुख न लाभलेला म्हातारा राजा आणि स्वतः टॉलस्टॉय यांच्यात विलक्षण साम्य आहे, आणि त्या रागाचे मूळ कदाचित तिथे असावे. एवढ्या प्रवेशवार चिकित्सेच्या तळाशीही अखेर एका माणसाची आवडनिवडच निघाली. ती लपवण्यासाठी त्याने तर्काची केवढी इमारत उभी केली!

त्याच नाटकाविषयी सॅम्युअल जॉन्सनने काय केले ते सांगतो. त्याने 1765 मध्ये शेक्सपिअरची संपादित आवृत्ती काढली. तिच्यातल्या 'लिअर'वरच्या टिपणात तो सांगतो, की लिअरची मुलगी कॉर्डेलिया हिच्या मृत्यूने आपल्याला पूर्वी एवढा धक्का बसला होता, की संपादनासाठी भाग पडेपर्यंत शेवटचे प्रवेश पुन्हा वाचण्याचे धैर्य आपल्याला झाले होते की नाही, हेच आठवत नाही. त्या काळी रंगभूमीवर नहूम टेटने 1681 मध्ये केलेले रूपांतर चालत असे, ज्यात कॉर्डेलिया जगते आणि तिचे लग्नही होते. इंग्रजी भाषेतला सर्वांत दरारा असलेला समीक्षक संपादकाच्या आसनावर बसून 'मला हे सोसवले नाही' असे लिहितो, आणि अडीचशे वर्षांनंतरही नाटकाच्या चर्चेत ते वाक्य निघतेच. त्यात विश्लेषण काहीच नाही. पण शोकान्त नाटक माणसाचे काय करू शकते, याचा तो साक्षीपुरावा आहे.

माझे वय आता बरेच झाले आहे आणि वाचनाची टिपणे मी चाळीस वर्षे ठेवत आलो आहे. आज मागे वळून पाहताना मला तरुणपणी लिहिलेली विद्वत्तापूर्ण टिपणे वाचवत नाहीत, कारण ती कुणीही लिहिलेली असू शकतात. 'दोनशेव्या पानावर झोप लागली, उद्या पुन्हा' ही नोंद मात्र माझी आहे.

पुस्तकातला किडा

जुनी बांधणी, त्या 'उद्या पुन्हा'चे पुढे काय झाले, हेही सांगावे.

जुनी बांधणी

ते पुस्तक अठरा वर्षांनी संपले.

दुसरी आवृत्ती

समासातली टीप यांच्या 'कोणती प्रत' या मुद्द्याला मी अनुवादाची पुरवणी जोडते, कारण आपण बहुतेक सगळे जण जगातली जुनी पुस्तके अनुवादांतूनच वाचतो आणि परीक्षणात मात्र 'लेखकाची भाषा प्रवाही आहे' असे निःशंकपणे लिहितो. कोणाची भाषा? मी स्वतः एका रशियन कादंबरीच्या 'काव्यमय शैली'वर अर्धे पान खर्च केले होते. नंतर लक्षात आले, की मराठी अनुवाद इंग्रजीवरून झालेला आहे. म्हणजे मी ज्या काव्याला दाद दिली ते पहिल्याचे होते, दुसऱ्याचे होते की तिसऱ्याचे, हे सांगण्याची माझी काहीही पात्रता नव्हती.

काफ्काच्या 'मेटॅमॉर्फोसिस'चे उदाहरण मला याबाबत फार बोलके वाटते. मी प्रथम वाचलेल्या अनुवादात नायकाचे झुरळ झाले होते. दुसऱ्यात कीटक होता. काफ्काचा मूळ जर्मन शब्द यांपैकी कोणत्याच प्राण्याचे नाव नाही. घाण, उपद्रवी जीवजंतू असा त्याचा मोघम अर्थ होतो. 1915 मध्ये पुस्तक निघायच्या वेळी काफ्काने प्रकाशकाला पत्र लिहून मुखपृष्ठावर तो कीटक काढू नये, दुरूनही दाखवू नये, अशी विनवणी केली होती. लेखकाने जे मुद्दाम अंधुक ठेवले होते ते अनुवादकाने माझ्यासाठी मिशांसकट स्पष्ट केले, आणि मी परीक्षणात लिहिले की 'लेखकाने झुरळाची प्रतिमा मोठ्या खुबीने वापरली आहे.' ती खुबी माझ्या अनुवादकाची होती.

म्हणून पानखूण, आपल्या त्या सात पुस्तकांपैकी किती अनुवादित आहेत ते एकदा पाहावे. कंटाळा कधीकधी लेखकाचा नसून अनुवादकाचा असतो.

शुद्धिपत्र

धागा चांगला चालला आहे. मला उसन्या स्तुतीपेक्षाही उसन्या माहितीची भीती अधिक वाटते. अभिजात पुस्तक म्हणजे असे पुस्तक, जे आपण वाचलेले आहे अशी आपली न वाचताच खात्री झालेली असते. 'इलियड'च्या परीक्षणात मी लाकडी घोड्याचे वर्णन वाचलेले आहे. 'इलियड' हेक्टरच्या अंत्यसंस्काराशी संपते आणि घोडा त्यात येतच नाही, तो भेटतो 'ओडिसी'त. फ्रँकेनस्टाइन हे राक्षसाचे नाव नसून त्याला घडवणाऱ्याचे आहे, हे आता बरेच जण जाणतात. पण 1818 च्या त्या कादंबरीतला हा जीव चित्रपटांतल्यासारखा नुसता हुंकारत नाही, तो उत्तम बोलतो आणि चक्क वाचक आहे, हे किती परीक्षणांत येते? त्याला रानात तीन पुस्तके सापडतात: मिल्टनचे 'पॅरडाइज लॉस्ट', प्लुटार्कची चरित्रे आणि ग्योटेचा 'वेर्थर'. ती वाचून तो स्वतःला ताडून पाहतो आणि दुःखी होतो. त्या तिन्हींवर त्याचे थोडक्यात अभिप्रायही आहेत, आणि ते आपल्यापैकी अनेकांच्या परीक्षणांपेक्षा प्रामाणिक आहेत.

आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? द्रौपदी दुर्योधनाला 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' म्हणाली, हे महाभारताविषयी लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण गृहीत धरतो. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीतील सभापर्वात ते वाक्य तिच्या तोंडी नाही. एका न उच्चारलेल्या वाक्यावर आपण तिच्या स्वभावाची किती परीक्षणे लिहिली असतील!

माझी विनंती एवढीच आहे की, ज्याने पुस्तक खरोखर वाचले आहे त्याने निदान आपल्याला वाटले होते त्याहून वेगळे काय निघाले, एवढे लिहावे. सामान्य वाचकाला हे काम तज्ज्ञापेक्षा चांगले जमते, कारण तज्ज्ञाला ते वेगळे वाटेनासे झालेले असते.

अर्धविराम

शुद्धिपत्र यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी पूर्णपणे सहमत आहे. 'आवडले नाही' यापेक्षा 'अपेक्षेहून वेगळे निघाले' हे विधान पुस्तकाकडे बोट दाखवते.

वाचनाधीन

एक प्रश्न राहून गेला. माझी वरची तक्रार विनोदाने केलेली असली, तरी ती खरी आहे. जुन्या पुस्तकाचे परीक्षण लिहिताना शेवट सांगून टाकण्याची मुभा आहे, असे सगळे धरून का चालतात? पुस्तक दीडशे वर्षांपूर्वीचे असेल, पण मी ते पहिल्यांदाच वाचत आहे.

समासातली टीप

या बाबतीत मी सुधारणार आहे. मात्र एक मासला सांगितल्यावाचून राहवत नाही. 'अ‍ॅना कॅरेनिना' एका मासिकातून क्रमशः येत होती. शेवटच्या, आठव्या भागातल्या युद्धाविषयीच्या मतांवरून संपादक आणि टॉलस्टॉय यांचे बिनसले आणि संपादकाने तो भाग छापण्याचे नाकारले. त्याऐवजी त्याने नायिकेच्या मृत्यूबरोबर कादंबरी संपलीच आहे असे सांगून, पुढे लेखकाच्या मनात काय होते ते थोड्या ओळींत उरकून टाकले. 1877 मध्ये टॉलस्टॉयने तो भाग स्वतंत्रपणे छापून घेतला. लेखकाच्या आधी शेवट सांगून टाकण्याचा मान प्रत्यक्ष संपादकाने मिळवल्याचे दुसरे उदाहरण माझ्या माहितीत नाही.

वाचनाधीन

'अ‍ॅना कॅरेनिना' माझ्या यादीत पुढची होती.

पुस्तकातला किडा

समासातली टीप यांनी आता वाचनाधीन यांची संपूर्ण यादी मागवून घ्यावी, म्हणजे सगळे एकदाच उरकता येईल.

दुसरी आवृत्ती

विनोद बाजूला ठेवून सांगते. मी परीक्षणाचे दोन भाग करते आणि मधे स्पष्ट सूचना देते. मात्र काही पुस्तकांविषयी शेवट न सांगता काहीच सांगता येत नाही, हेही खरे आहे. डिकन्सने 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा शेवट एका लेखकमित्राच्या सल्ल्यावरून बदलला आणि मूळचा उदास शेवट मागे पडला. या दोन शेवटांपैकी कोणता खरा, हा त्या कादंबरीच्या वाचनातला मुख्य आनंद आहे. तिथे मौन पाळायचे, तर उरते ते कथानकाचा गोषवारा आणि मलपृष्ठावरचा मजकूर.

तिसरी घंटा

मी इथे प्रथमच लिहीत आहे. पानखूण यांच्यासारखाच माझाही एक पेच आहे, फक्त तो कंटाळ्याचा नाही. लहानपणी 'रॉबिन्सन क्रूसो' हे माझे सर्वांत लाडके पुस्तक होते. मी ते संक्षिप्त रूपात वाचले होते: बेट, तंबू, पोपट, वाळूतले पाऊल. गेल्या वर्षी 1719 ची संपूर्ण संहिता वाचली, आणि क्रूसो बेटावर पोहोचतो तो गुलाम आणायला निघालेल्या सफरीत जहाज फुटल्यामुळे, हे तिथे कळले. त्याआधी तो स्वतः गुलामीतून पळतो. सोबत पळून आलेल्या झूरी नावाच्या मुलाला तो पुढे एका कप्तानाला साठ नाण्यांना विकतो. मुलगा ख्रिस्ती झाला तर त्याला दहा वर्षांनी मुक्त करीन, असे कप्तान कबूल करतो, आणि क्रूसोचे समाधान होते. नंतर मळ्यावर काम वाढते तेव्हा त्याला पश्चात्ताप होतो. मला वाटले, की मुलाला विकल्याचा पश्चात्ताप असेल. तो असतो मदतीचा हात गमावल्याचा.

मला परीक्षण लिहिता आले नाही. तो काळच तसा होता, असे लिहिले की आपण त्या मुलाकडे पाठ फिरवतो, आणि पुस्तकाला दोषी ठरवून मोकळे झाले की बेटावरचे पहिले वर्ष वाचताना आजही जो आनंद झाला तो नाकारावा लागतो. जे झाले ते तसेच्या तसे लिहायचे, तर त्याला परीक्षण म्हणता येईल का?

जुनी बांधणी

आपण आत्ता लिहिलेत तेच परीक्षण आहे. शीर्षक द्या आणि थांबा.

अर्धविराम

एरवी मी वाद घातला असता, पण इथे घालत नाही. 'पश्चात्ताप असतो मदतीचा हात गमावल्याचा' हे निरीक्षण संहितेतले आहे आणि ते नेमके आहे. फक्त 'काळच तसा होता' हे वाक्य सरसकट टाकून देऊ नये. ते शेवट म्हणून वाईट आहे. शोधाची सुरुवात म्हणून उपयोगी पडते. त्याच काळात या व्यापाराविरुद्ध बोलणारे लोकही होते, आणि 'काळ' म्हणताना आपण त्यांना वगळतो.

समासातली टीप

कंटाळ्याकडे परत येतो, कारण तो प्रश्न अजून सुटलेला नाही. माझी एक सूचना आहे: पुस्तक ज्या वेगाने वाचण्यासाठी लिहिले गेले, त्या वेगाने वाचून पाहावे. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी मी प्रथम चार दिवसांत वाचली होती आणि 'पाल्हाळ फार' असा शेरा मारला होता. हरिभाऊ आपट्यांनी ती 1890 मध्ये सुरू केलेल्या 'करमणूक' या साप्ताहिकातून क्रमशः लिहिली. काही वर्षांनी मी ठरवून आठवड्याला थोडाच भाग वाचला. पुढचे पान उघडायचे नाही, अशी स्वतःला शपथ घातली. तेव्हा तो पाल्हाळ राहिला नाही. घरातल्या त्याच त्या बारीकसारीक गोष्टी यमू पुन्हा सांगते, कारण मधे आठवडा गेलेला असतो. आणि जिच्याशी आपली महिनोन्महिने ओळख होत आली, तिच्यावर पुढे जे संकट येते ते चार दिवसांच्या ओळखीतल्या माणसावर आल्यासारखे राहत नाही. शेरा मी खोडला नाही. त्याच्याखाली दुसरा लिहिला. दोन्ही खरे आहेत. (वाचनाधीन, मी संकट कोणते ते सांगितलेले नाही, याची कृपया नोंद घ्यावी.)

वाचनाधीन

नोंद घेतली. आभारी आहे.

शुद्धिपत्र

विषयांतराबद्दलची वाचकांची तक्रार फार जुनी आहे आणि ती करायला लाजण्याचे कारण नाही. सेर्वान्तेसच्या 'डॉन किहोते' (इंग्रजी वळणाने 'डॉन क्विक्झोट') या कादंबरीचा पहिला भाग 1605 मध्ये आला, दुसरा 1615 मध्ये. आणि दुसऱ्या भागातल्या पात्रांनी पहिला भाग वाचलेला आहे! ती नायकाला तोंडावर सांगतात, की मधेच घुसडलेली एक दीर्घकथा लोकांना अप्रस्तुत वाटली आणि नायकाचा सेवक सांचो याचे चोरीला गेलेले गाढव खुलासा न होताच परत कसे आले, हेही कुणाला समजले नाही. सेर्वान्तेसने वाचकांची कुरकुर ऐकली आणि तिलाच कादंबरीत जागा दिली. तज्ज्ञांनी चारशे वर्षे त्या गाढवावर लिहिले, पण पहिली शंका सामान्य वाचकाचीच होती.

पानखूण

सर्वांचे मनापासून आभार. दरम्यानच्या तीन आठवड्यांत मी एकच काम केले: 'मोबी डिक'ची वगळलेली प्रकरणे वाचली. समासातली टीप यांच्या पथ्याप्रमाणे जुन्या परीक्षणाखाली ही नोंद जोडली आहे.

'वरील परीक्षण लिहिताना मी ही कादंबरी पूर्ण वाचलेली नव्हती. प्रत मूळ इंग्रजीतली, संपूर्ण, 135 प्रकरणे आणि उपसंहार असलेली. वगळलेली प्रकरणे आता वाचली. दोरावरचे, चरबी कापण्याविषयीचे आणि देवमाशाच्या चित्रांविषयीचे भाग मला आताही जड गेले आणि त्यांतली निम्मी माहिती दुसऱ्या दिवशी आठवत नव्हती. बत्तिसावे प्रकरण मात्र मी दोनदा वाचले. त्यात निवेदक देवमाशांचे वर्गीकरण करायला बसतो आणि त्यासाठी कागदाच्या घडीवरून ठरणारे पुस्तकांचे आकार वापरतो: सर्वांत मोठे ते फोलिओ, मधले ऑक्टेव्हो, लहान ते ड्युओडेसिमो. देवमासा हा मासाच आहे, असे तो शास्त्रज्ञांचे म्हणणे बाजूला सारून जाहीर करतो. आणि एवढा खटाटोप करून शेवटी यादी अपुरी सोडून देतो. मी या प्रकरणाला तीन वर्षांपूर्वी "सखोल वैचारिक अधिष्ठान" म्हटले होते. ते मुख्यतः विनोदी आहे. समुद्रावरच्या सर्वांत मोठ्या प्राण्याला हा माणूस फडताळात लावू पाहतो आणि त्याला ते जमत नाही. हे मला कोणत्याही प्रस्तावनेत वाचल्याचे आठवत नाही, पण कदाचित मी प्रस्तावनाही चाळल्याच असतील.'

अर्धविराम, दोरावरच्या प्रकरणाविषयी 'जड गेले' एवढेच लिहिले आहे, हे मला ठाऊक आहे. सध्या त्याहून अधिक मला सांगता येत नाही.

अर्धविराम

'मुख्यतः विनोदी आहे' या तीन शब्दांसाठी ती सवलत द्यायला माझी हरकत नाही. दोरावरचे प्रकरण मात्र पुन्हा वाचा.

दुसरी आवृत्ती

जुने परीक्षण न पुसता त्याखाली नोंद जोडली, हे मला विशेष आवडले. उरलेली सहा पुस्तके कोणती?

पानखूण

त्यांपैकी चार अनुवादित आहेत, आपला अंदाज खरा ठरला. एका पुस्तकाचा दुसरा अनुवाद मिळवला आहे आणि पहिल्या दहा पानांतच तो पहिल्यापेक्षा जास्त कंटाळवाणा आहे.

पुस्तकातला किडा

चौतीसपैकी तेहेतीस. निकाल आता विश्वसनीय वाटू लागला आहे.